‘साधं इंजेक्शनच तर होतं!’ – सौंदर्याच्या सुईचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

मागच्या महिन्यात ओपीडीत एक ताई आल्या होत्या. वय पन्नाशीच्या आतलं. दोन्ही गालांवर, डोळ्यांच्या जरा खाली, हाताला वाटाण्यासारख्या लागणाऱ्या टणक गाठी. उजवीकडची एक गाठ लाल झालेली आणि दुखरी. दोन वर्षांपूर्वी, मुलीच्या लग्नाआधी, ओळखीतल्या एका पार्लरमध्ये त्यांनी ‘गाल भरून येण्याचं’ इंजेक्शन घेतलं होतं. लग्नातले फोटो छान आले. गाठी त्यानंतर दीड वर्षाने उठल्या.

मी विचारलं, “काय टोचलं होतं?”

“नाव नाही माहीत, डॉक्टर. फिलर म्हणाल्या होत्या. साधं इंजेक्शनच तर होतं.”

औषधाचा बॉक्स पाहिला नव्हता. बिल नव्हतं. कुठे काही लिहून दिलेलं नव्हतं. ते पार्लरही आता बंद झालं आहे.

तुम्हाला वाटेल, नावाचं एवढं काय? गाठ दिसते आहे, तिच्यावर उपचार करा की. पण पुढचा सगळा उपचार त्या नावावरच अवलंबून असतो. काही फिलर आम्ही दुसरं औषध टोचून विरघळवू शकतो. काही कधीच विरघळत नाहीत. ते काढायचे तर कापावं लागतं, आणि तरीही पूर्ण निघत नाहीत. ताईंच्या गालात यांपैकी नेमकं काय आहे, हे मला माहीत नव्हतं आणि त्यांनाही.

‘साधं इंजेक्शनच तर आहे’ हे वाक्य आजचं नाही. गेली सव्वाशे वर्षं लोक तेच म्हणत आले आहेत. फक्त सुईतला पदार्थ बदलत गेला. म्हणून आज फिलर आणि बोटॉक्सबद्दल सल्ला देण्याआधी तुम्हाला त्यांचा इतिहास सांगतो. तो कळला की कुठल्याही क्लिनिकमध्ये नेमके कोणते प्रश्न विचारायचे, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

सुईच्या आधी : पुण्याजवळचं नाक

सुरुवात आपल्या घराजवळून करू. १७९२ मध्ये इंग्रजांचं टिपू सुलतानाशी युद्ध चालू होतं. इंग्रज फौजेसाठी बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. साधारण वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. हा माणूस विटा करणाऱ्या जातीतला होता आणि हे काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं. अशी शस्त्रक्रिया मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिली आणि तिचं वर्णन १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आलं.

पद्धत अशी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून नाकाचा आकार करायचा. तो पत्रा उलगडून कपाळावर सपाट ठेवायचा आणि त्याच्याभोवती रेघ ओढायची. तेवढी कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे कातडीला रक्त मिळत राहतं. मग ती पिळून खाली नाकाच्या जागी बसवायची. टाके नाहीत, आपण विड्यात घालतो तो कात पाण्यात कालवून, कापडाच्या पट्ट्यांना लावून कातडी चिकटवायची. साधारण पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापून टाकायची.

ही बातमी वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने बरीच वर्षं अभ्यास केला आणि १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. १८१६ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं आणि ही ‘भारतीय पद्धत’ युरोपभर गेली. कपाळाच्या कातडीने नाक करणं आजही प्लॅस्टिक सर्जन करतात.

या गोष्टीतल्या दोन बाबी लक्षात ठेवा. एक, कावसजीला लावलेली कातडी त्याची स्वतःची होती आणि तिचा रक्तपुरवठा शाबूत होता. दुसरी, मेण फक्त मापासाठी होतं. काम झालं की ते बाजूला.

मेण आत गेलं

पुढे शंभर वर्षांनी व्हिएन्नामध्ये एका सर्जनने पॅराफिन जातीचा पदार्थ सरळ शरीरात घातला. रॉबर्ट गेर्सुनी हे त्यांचं नाव. १८९९ मध्ये त्यांच्याकडे एक तरुण होता, ज्याचे वृषण क्षयरोगामुळे काढावे लागले होते. त्याला निदान बाहेरून तरी बरोबर दिसावं म्हणून गेर्सुनींनी तिथे व्हॅसलीन टोचलं. हेतू चांगला होता, परिणामही लगेच चांगला दिसला. मग बसकी नाकं, गालांचे खळगे, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या अशा कितीतरी ठिकाणी व्हॅसलीन आणि वितळवलेलं पॅराफिन मेण टोचण्याची लाट आली. चिरफाड नाही, भूल नाही, अर्ध्या तासात घरी. १९११ मध्ये निघालेल्या फ्रेडरिक स्ट्रेंज कोल या अमेरिकन डॉक्टरच्या सौंदर्यशस्त्रक्रियेवरच्या पुस्तकातही या पद्धतीला भरपूर जागा होती.

मग एकेक गोष्ट उघड होऊ लागली. मेण टोचलेल्या जागी राहत नव्हतं, सरकत होतं. शरीर त्याला परकं समजून त्याच्याभोवती कडक तंतूंची भिंत बांधत होतं. त्या गाठींना नाव पडलं पॅराफिनोमा. काहींना त्या काही महिन्यांत झाल्या, काहींना कित्येक वर्षांनी. कातडी लाल होऊन फुटायची, जखमा भरायच्या नाहीत. मेण आसपासच्या पेशींत इतकं मिसळून जायचं की ते पूर्ण काढणं अशक्य. आणि काही रुग्णांत ते चुकून रक्तवाहिनीत शिरलं. काहींच्या फुप्फुसात अडकलं, काहींची दृष्टी गेली. नाकाच्या इंजेक्शनने डोळा गेल्याच्या नोंदी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीपासून आहेत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

या काळातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण ग्लॅडिस डीकनचं. पॅरिसमध्ये जन्मलेली ही अमेरिकन तरुणी तिच्या रूपासाठी युरोपभर प्रसिद्ध होती. आपलं नाक ग्रीक पुतळ्यासारखं सरळ असावं, असं तिला वाटे. १९०३ च्या सुमारास, बाविशीत, तिने नाकाच्या दांड्यात मेण टोचून घेतलं. ते पुढे हनुवटीकडे उतरलं आणि चेहरा कायमचा बिघडला. १९२१ मध्ये ती इंग्लंडमधल्या मार्लबरोच्या ड्यूकची पत्नी झाली. त्यांच्या ब्लेनहाइम राजवाड्याच्या देवडीच्या छतावर १९२८ मध्ये रंगवलेले निळे डोळे तिचेच आहेत, असं सांगतात. पुढे ती लोकांपासून दूर एकटी राहू लागली.

हसण्यावारी नेऊ नका. ती मूर्ख नव्हती. त्या काळात ते ‘साधं इंजेक्शन’ होतं आणि डॉक्टरच ते देत होते.

मेण गेलं, सिलिकॉन आलं

युरोप-अमेरिकेत पॅराफिन पहिल्या महायुद्धानंतर मागे पडलं. पण दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास एक नवा पदार्थ हाताशी आला, द्रव सिलिकॉन. ते कारखान्यांसाठी, यंत्रांसाठी बनवलेलं होतं. उष्णतेने बिघडत नाही, कशाशी रासायनिक क्रिया करत नाही. मग शरीरातही ते निमूटपणे पडून राहील, असा तर्क झाला. युद्धानंतरच्या जपानमध्ये स्तनांचा आकार वाढवण्यासाठी ते सरळ टोचलं जाऊ लागलं. काही ठिकाणी तर ते सरकू नये म्हणून त्यात मुद्दाम वनस्पती तेलं मिसळत. तेलामुळे आत दाह होऊन व्रण तयार होईल आणि तो सिलिकॉनला जागेवर धरून ठेवेल, ही कल्पना! पुढे ही लाट अमेरिकेत पोचली. साठच्या दशकात लास वेगासच्या नर्तिकांमध्ये तिची मोठी चलती होती.

परिणाम मेणासारखेच झाले. गाठी, सरकणं, सडणाऱ्या जखमा. काही बायकांचे स्तन काढून टाकावे लागले. सिलिकॉन फुप्फुसात जाऊन मृत्यूही झाले. शेवटी लास वेगास ज्या राज्यात आहे, त्या नेवाडाने सत्तरच्या दशकात कायद्याने अशी इंजेक्शनं बंद केली. शरीराला आकार देण्यासाठी द्रव सिलिकॉन टोचायला अमेरिकेच्या एफडीएची आजही मान्यता नाही. (स्तनात बसवतात ते इम्प्लांट वेगळं. त्यात सिलिकॉन एका पिशवीत बंद असतं आणि गरज पडली तर ती पिशवी काढता येते. त्याचे फायदे-तोटे हा वेगळ्या लेखाचा विषय.)

मेण आणि सिलिकॉन या दोन्ही वेळी झालेली चूक एकच होती. पहिल्या सहा महिन्यांचा चेहरा पाहून निकाल दिला गेला, आणि शरीराचा निकाल यायला कधीकधी दहा वर्षं लागतात.

जे काढता येईल, तेच घालावं

यातून डॉक्टर एक गोष्ट शिकले. कायम टिकणारं फिलर ही जाहिरात म्हणून चांगली गोष्ट वाटते, पण बिघडलं तर बिघाडही कायमचा. म्हणून शोध सुरू झाला तो काही काळाने आपोआप जिरणाऱ्या पदार्थांचा.

१९८१ मध्ये अमेरिकेत गाईच्या कातडीपासून केलेल्या कोलॅजनच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. ते काही महिन्यांतच जिरून जायचं. पण साधारण शंभरातल्या तिघांना त्याची ॲलर्जी असायची. म्हणून आधी हातावर थोडं टोचून चार आठवडे वाट पाहावी लागे.

आज सर्वांत जास्त वापरलं जातं ते हायलुरॉनिक ॲसिड. नावात ॲसिड असलं तरी घाबरू नका. ते आपल्या कातडीत, सांध्यांत, डोळ्यांत मुळातच असतं. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते बैलाच्या डोळ्यातल्या जेलीतून वेगळं काढलं. गुडघेदुखीसाठी ‘वंगणाचं इंजेक्शन’ देतात, ते हेच. शरीरातलं नैसर्गिक हायलुरॉनिक ॲसिड फार लवकर तुटतं, म्हणून फिलरमध्ये त्याच्या साखळ्या रासायनिक पद्धतीने एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे ते साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. युरोपात हे फिलर १९९६ मध्ये आलं, अमेरिकेत त्याला २००३ मध्ये मान्यता मिळाली.

त्याचा खरा मोठा गुण टिकाऊपणा हा नाहीच. ते विरघळवता येतं, हा आहे. हायलुरॉनिडेझ नावाचं एक एन्झाइम टोचलं की ते तुटून जातं. आपल्याकडे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भुलीचं औषध नीट पसरावं म्हणून हेच एन्झाइम वर्षानुवर्षं वापरलं जातं. सव्वाशे वर्षांत पहिल्यांदाच असं झालं, की सुईने जे आत घातलं ते दुसऱ्या सुईने परत घेता येतं.

पण आता ते मघाचं वाक्य आठवा. रक्तवाहिनीत शिरण्याचा धोका हायलुरॉनिक ॲसिडलाही आहे. नाक आणि दोन भुवयांमधली जागा यांतल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. तिथे चुकून वाहिनीत गेलेलं फिलर डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा बंद करू शकतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर मिनिटामिनिटाला किंमत असते आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. पदार्थ सुधारला, चेहऱ्याची रचना मात्र तीच आहे.

आणि बोटॉक्स?

बरेच जण फिलर आणि बोटॉक्स एकच समजतात. ते पूर्ण वेगळे आहेत. फिलर खळगा भरतं. बोटॉक्स काहीच भरत नाही. ते स्नायूला काही महिने ढिलं करतं.

त्याचा इतिहास उलट दिशेने जातो. इथे औषधाचं विष झालं नाही, विषाचं औषध झालं. जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खराब सॉसेज खाऊन लोक मरत. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने त्याची लक्षणं बारकाईने लिहून ठेवली. तो स्वतः कविताही करायचा. त्याने ते विष स्वतःवर घेऊन पाहिलं आणि अगदी थोड्या मात्रेत ते औषध म्हणून वापरता येईल, असंही सुचवलं. १८९५ मध्ये बेल्जियमच्या एलझेल गावात अंत्यविधीला आलेल्या वादकांनी हॅम खाल्लं. बरेच जण आजारी पडले आणि तिघे दगावले. त्या प्रकरणातून एमिल व्हान एर्मेंगेम यांनी याला कारण असलेला जिवाणू शोधला. ‘बोट्युलिझम’ हा शब्द लॅटिनमधल्या सॉसेजवरून आला आहे.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर ॲलन स्कॉट यांनी याच विषाची अत्यंत सूक्ष्म मात्रा तिरळेपणासाठी वापरली आणि १९८९ मध्ये एफडीएने तिरळेपणा आणि पापण्यांच्या अनावर फडफडण्यासाठी त्याला मान्यता दिली. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये जीन कॅरुथर्स हे औषध पापण्यांच्या फडफडीसाठी देत होत्या. एका रुग्ण बाईंनी तक्रार केली, की आज तुम्ही भुवयांमध्ये टोचलं नाहीत. तिथे टोचलं की माझ्या आठ्या जातात! जीन यांचे पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंध छापला. २००२ मध्ये आठ्यांसाठीही एफडीएची मान्यता मिळाली.

योग्य मात्रेत, योग्य हातांत हे औषध बरंच सुरक्षित आहे. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. पण विष आणि औषध यांत फरक फक्त मात्रेचा. २००४ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडात एका इंजेक्शन देणाऱ्याने मान्यताप्राप्त औषधाऐवजी प्रयोगशाळेसाठी बनवलेलं विष वापरलं. ‘माणसांसाठी नाही’ असं कुपीवर लिहिलेलं असतानाही. चार जणांना लकवा झाला आणि ते व्हेंटिलेटरवर गेले. त्या चौघांत तो स्वतःही होता. २०२३ मध्ये वजन कमी करण्यासाठी तुर्कस्तानात जाऊन पोटात हे इंजेक्शन घेतलेल्या अनेक युरोपीय लोकांना बोट्युलिझम झाला.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातली गोष्ट तर सुईतल्या पदार्थाचीही नाही. तिथल्या एका विनापरवाना स्पामध्ये, स्वतःचंच रक्त काढून चेहऱ्यावर टोचण्याच्या उपचारातून बायकांना एचआयव्हीची लागण झाली. त्याचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे पदार्थ तुमच्या स्वतःच्या शरीरातला असला, तरी सुई कोणाच्या हातात आहे आणि ती स्वच्छ आहे का, हा प्रश्न उरतोच.

मग तुम्ही काय करायचं?

मी या उपचारांच्या विरोधात नाही. आपण बरे दिसावं असं वाटणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कावसजीलाही तेच वाटलं होतं. फक्त टोचून घेण्याआधी पुढचे प्रश्न विचारा.

१. याचं नाव काय? सीलबंद बॉक्स तुमच्यासमोर उघडायला सांगा. नाव, बॅच नंबर आणि मुदत यांचा मोबाइलवर फोटो काढा. तो फोटो कायम जपून ठेवा.

२. हे विरघळवता येतं का? येत असेल तर ते एन्झाइम इथे, आत्ता, उपलब्ध आहे का? ‘गरज पडली तर मागवू’ हे उत्तर चालणार नाही.

३. टोचणार कोण? डॉक्टरांचं शिक्षण आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लॅस्टिक सर्जन असतील तर उत्तम. पार्लर, हॉटेलची खोली, कोणाच्या घरची ‘बोटॉक्स पार्टी’ या जागा इंजेक्शनच्या नाहीत.

४. हे इतकं स्वस्त का? बोटॉक्स थंड ठेवावं लागतं आणि प्रत्येक ब्रँडचं युनिट वेगळं असतं. निम्म्या किमतीत मिळणारं औषध पातळ केलेलं, मुदत संपलेलं किंवा बनावट असू शकतं.

५. माझ्यासाठी ते योग्य आहे का? गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा चेहऱ्यावर पुरळ-जंतुसंसर्ग असेल, तर आधी सांगा.

‘गोरं होण्याचं इंजेक्शन’ म्हणून ग्लुटाथिओन शिरेतून देतात, त्याबद्दलही बरेच जण विचारतात. रंग उजळवण्यासाठीच्या कुठल्याही इंजेक्शनला एफडीएने मान्यता दिलेली नाही. माझा सल्ला : घेऊ नका.

ताबडतोब धावपळ केव्हा करायची? फिलरनंतर अचानक तीव्र वेदना, कातडी पांढरीफटक किंवा जाळीदार निळसर होणं, नजर अंधुक होणं, डोळा दुखणं. यांपैकी काहीही झालं तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याच क्षणी टोचणाऱ्या डॉक्टरांना गाठा. नजरेत फरक असेल तर सरळ मोठ्या रुग्णालयात जा. बोटॉक्सनंतर गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तरी तसंच. आणि महिन्या-वर्षांनी गाठ उठली तर ती चोळू नका, दाबू नका, आणि त्यावर आणखी फिलर भरून घेऊ नका.

त्या ताईंच्या दुखऱ्या गाठीचा जंतुसंसर्ग औषधांनी उतरला. आत नेमकं काय आहे याचा अंदाज घेण्यासाठी सोनोग्राफी केली आणि गाठीचा छोटा तुकडा तपासायला पाठवला आहे. अहवाल आला की पुढचं ठरवू. जाताना त्यांनी विचारलं, “मी तेव्हा काय करायला हवं होतं?”

मी म्हटलं, “एकच. नाव विचारायला हवं होतं.”

साधं इंजेक्शन असं काही नसतं. सुई छोटी असते, पण तिच्यातून जे आत जातं ते तुमच्यासोबत अनेक वर्षं राहू शकतं. त्याचं नाव तुम्हाला माहीत असलंच पाहिजे.